‘पाठवायचं होतंस’ म्हणजेच ‘सपोज्ड टु’

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पंचवीस वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात बी. कॉम. आठ महिन्यांपासून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते. गेल्या महिन्यात तिला साहेबांची मेल आली: ‘यू वेअर सपोज्ड टु सेंड द टेस्ट सर्टिफिकेट विथ ट्यूजडेज लॉट.’ शाळेत ‘सपोज म्हणजे समजणे, कल्पना करणे’ असं पाठ केलेलं. तिला वाटलं, साहेब लिहिताहेत की ‘तू सर्टिफिकेट पाठवलं असशील असं आम्ही समजलो’. सर्टिफिकेट लावणं हे क्वालिटीवाल्यांचं काम, त्यांनी ते लावलं असेल, असंच तिलाही वाटत होतं. म्हणून तिनं उत्तर टाकलं: ‘यस सर, आय ऑल्सो सपोज सो.’ दोन दिवसांनी पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, शनिवारी माल निघेल ना? तिनं नम्रपणे तेच म्हटलं, ‘आय सपोज सो.’ फोन ठेवल्यावर साहेब एवढंच म्हणाले, ‘यापुढे गिऱ्हाइकाच्या मेल माझ्याकडून जाऊ देत.’ तेव्हापासून ती मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. नोकरी सोडून कोल्हापूरकडे जावं का, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का, हे तिला कळत नाही. घरी दादा म्हणतो, ‘तुझी गत बघून शहाणा झालो, पोरीला इंग्लिश मीडियमलाच घालणार.’ हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलंय.

तुला ‘तू’च म्हणते. हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, तुझ्या वयाच्या मुलींना ‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नाही.

पत्र वाचून मला आधी वाईट वाटलं ते शाळेतल्या त्या ओळीचं. ‘सपोज – समजणे, कल्पना करणे.’ ती ओळ चुकीची नाही, पण अर्धी आहे. मीही ती तशीच फळ्यावर लिहीत आले. धडा संपवायचा असतो, परीक्षेत जोड्या लावा एवढंच येतं, आणि उरलेला अर्धा शब्द मुलांना पुढे कुठेतरी एकट्यानं गाठतो. तुला तो साहेबांच्या मेलमध्ये गाठला. ती उरलेली बाजू आज तुला सांगते, कारण ती तुला येते. मराठीत तू ती रोज वापरतेस.

साहेबांचं वाक्य आपल्या घरातल्या मराठीत असं आहे: ‘मंगळवारच्या लॉटबरोबर सर्टिफिकेट पाठवायचं होतंस.’ यात समजण्याचा काही संबंध उरलेला नाही. काम तुझ्याकडे होतं, ही एक गोष्ट. ते झालं नाही, ही दुसरी. दुसरी गोष्ट कुणी तोंडानं सांगत नाही, पण ‘होतंस’ या एका शब्दावरून ती ऐकणाऱ्याला कळते. आई म्हणते, ‘येताना कोथिंबीर आणायची होतीस.’ कोथिंबीर आली की नाही, असा प्रश्न त्यानंतर घरात कुणालाच पडत नाही. ‘वॉज सपोज्ड टु’ आणि ‘वेअर सपोज्ड टु’ हे नेमकं तसं चालतं. आता त्यावर तुझं उत्तर वाच: ‘हो सर, मलाही तसंच वाटतं.’ चूक दाखवल्यावर समोरच्यानं शांतपणे मान डोलवावी, तसं ते साहेबांना दिसलं असणार. तुझ्या मनात उर्मटपणा नव्हता, हे मला पत्रावरून कळतं. मेलमध्ये मात्र तुझा चेहरा गेला नव्हता, शब्द तेवढे गेले होते.

‘समजणे’पासून हा शब्द ‘करायचं होतं’पर्यंत कसा आला, तेही बघ, म्हणजे पाठांतर करावं लागणार नाही. मूळ लॅटिन आहे, तिथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘सब’ म्हणजे खाली, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. बोलण्याच्या खाली आधाराला काहीतरी ठेवायचं आणि त्यावर पुढचं उभं करायचं. तू अमुक करशील असं चारजणांनी मनात धरलं, म्हणजे तू ‘सपोज्ड’ झालीस. चारजण धरून चालले की ती अपेक्षा होते, आणि अपेक्षा कामाच्या ठिकाणी आली की ती जबाबदारी होते. शब्द तोच राहिला, ओझं वाढत गेलं.

आपल्या मराठीत हाच प्रवास एका प्रत्ययात झालेला आहे. ‘तो आता घरी असावा’ म्हणतो तेव्हा आपण अंदाज करतो. ‘माणसानं नम्र असावं’ म्हणतो तेव्हा कर्तव्य सांगतो. क्रियापदाचा प्रत्यय तोच. शाळेत विध्यर्थ शिकलीस तेव्हा कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असं घोकलं असशील, ते हेच. आणि आपण सीमेवर राहणारी माणसं, कानडी कानावर असतंच. ‘अंव मन्याग इरबेकु’ म्हणजे तो घरी असेल बहुतेक. ‘नीनू इल्ले इरबेकु’ म्हणजे तू इथेच असायला पाहिजेस. पुन्हा एकच ‘इरबेकु’, अंदाजालाही आणि हुकमालाही. अंदाज आणि कर्तव्य शेजारी-शेजारी राहतात हे तुला दोन भाषांमधून जन्मापासून माहीत आहे. इंग्रजीतही ते तसेच शेजारी राहतात, एवढंच तुला कुणी सांगितलं नव्हतं.

या शब्दाची बाकीची घरं पटकन दाखवते. ‘धिस हॉटेल इज सपोज्ड टु बी गुड’ याचं मराठी ‘हे हॉटेल चांगलं असलं पाहिजे’ असं करू नकोस. ते आहे: ‘हॉटेल चांगलं आहे म्हणे.’ तो ‘म्हणे’ फार कामाचा शब्द आहे, ऐकीव आहे, मी हमी देत नाही, एवढं सगळं तो सांगतो. ‘यू आर नॉट सपोज्ड टु पार्क हिअर’ म्हणजे ‘इथं गाडी लावायची नसते’. देवळात चपला घालून जायचं नसतं, तसं. इथं ‘नॉट’ आल्यावर ती जवळजवळ मनाईच असते, ‘लावली नाही तरी चालेल’ असा सैल अर्थ तिला नसतो. ‘आय डोंट सपोज ही विल कम’ म्हणजे ‘तो येईल असं वाटत नाही’. नकार ‘येण्या’वरून उचलून ‘वाटण्या’वर ठेवायचा, ही सवय दोन्ही भाषांना आहे.

आणि वाक्याच्या सुरुवातीला सुटा आलेला ‘सपोज’ म्हणजे आपला बीजगणितातला ‘समजा’. ‘समजा, मुलाचं वय क्ष वर्षे आहे.’ दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करताना तर सुरुवातच ‘समजा, ते परिमेय आहे’ अशी करतात. जे खोटं ठरवायचं तेच आधी धरायचं. म्हणून ‘सपोज द ट्रक इज लेट’ असं कुणी मीटिंगमध्ये म्हटलं तर ट्रकला उशीर झालाय असं समजून घाबरायचं नाही. तसं झालं तर काय करायचं, एवढंच ते विचारताहेत.

आता ‘आय सपोज सो’. फोनवर हे का अंगाशी आलं, ते जरा थांबून बघायला हवं, कारण इथं चूक शब्दाच्या अर्थाची कमी आणि सुराची जास्त आहे. पोरगं सकाळपासून मागे लागलेलं असतं, ‘दहा मिनिटं मोबाइल घेऊ?’ शेवटी आई म्हणते, ‘घे बाबा.’ ते ‘घे बाबा’ म्हणजे ‘आय सपोज सो’. होकार आहे, पण मन त्यात नाही. किंवा मग खात्री नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, शनिवारी माल निघेल ना, आणि त्याला ऐकू आलं, ‘निघेल म्हणायचं.’ त्याच्या पोटात गोळा येणारच, त्याची लाइन त्या मालावर थांबलेली असेल.

तू मात्र नम्रपणानं बोललीस. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर ‘निघेलच’ असं ठासून म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. आपण म्हणतो, ‘निघेल असं वाटतं’, ‘काही अडचण आली नाही तर’. लहानपणापासून अंगात मुरलेली रीत आहे ती, आणि चांगली रीत आहे. फक्त मालाच्या तारखेला ती लावायची नाही. तिथं नम्रपणा सुरात ठेव आणि तारीख शब्दांत. ‘यस सर, इट विल लीव्ह ऑन सॅटरडे.’ खात्री नसेल तर अंदाजाच्या शब्दामागे लपू नकोस, कशावर अडलंय ते सांग: ‘रिपोर्ट तीनपर्यंत आला तर आज निघेल, नाहीतर सोमवारी सकाळी.’ हे इंग्रजीत बोलायला मोठी इंग्रजी लागत नाही, ‘इफ’ आणि ‘अदरवाइज’ पुरतात. ‘आय सपोज’ मैत्रिणींशी बोलताना खुशाल वापर.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू ओझरती लिहून पुढे गेलीस. सर्टिफिकेट क्वालिटीवाले लावतात, असं तुला वाटत होतं. आता विचार कर. समज, तुला त्या मेलचा अर्थ पहिल्या क्षणी अचूक कळला असता. समज, तू लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेली असतीस. मंगळवारच्या लॉटबरोबर सर्टिफिकेट गेलं असतं का? नसतं गेलं. मेल आली तोवर माल पुण्याच्या वाटेवर होता. डिस्पॅचला वाटलं क्वालिटी लावेल, क्वालिटीला वाटलं डिस्पॅच लावेल, आणि मालाबरोबर चलनाचा कागद एकटाच गेला. हा घोटाळा इंग्रजीमुळे झालेला नाही. आठ महिन्यांत तुला कुणी एका कागदावर लिहून दिलं नाही की कुठला कागद कुणी लावायचा, आणि तूही विचारलं नाहीस. यात तुझा वाटा आहे, पण सगळा नाही.

हे धरून चालणं फार घातक असतं, म्हणून त्याच्या दोन सख्ख्या शब्दांबद्दल सांगते, तुला मेलमध्ये ते भेटणारच. ‘अझ्यूम’ हा लॅटिनमध्ये ‘आपल्याकडे उचलून घेणे’ यातून आलेला आहे. आणि आपला ‘गृहीत’ शब्द? ‘ग्रह्’ या धातूपासून, म्हणजे पकडलेलं, घेतलेलं. दोन भाषांनी दोन टोकांना बसून हातात धरण्याचंच चित्र काढावं, याचं मला आजही नवल वाटतं. अझ्यूम केलेल्याला पुरावा नसतो, आपण ते नुसतं घेऊन टाकलेलं असतं. ‘प्रिझ्यूम’च्या मागे काहीतरी आधार असतो, निदान एखादा नियम तरी. कोर्टात हा शब्द सारखा येतो. आरोपीला दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानायचं, ते प्रिझम्प्शन. 1872 च्या पुरावा कायद्यात ‘मे प्रिझ्यूम’ म्हणजे न्यायालय धरू शकतं आणि ‘शॅल प्रिझ्यूम’ म्हणजे उलटं सिद्ध होईपर्यंत धरलंच पाहिजे, असा फरक केलेला होता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही तो ठेवलेला आहे. बघ, धरून चालायचं तर कायदासुद्धा आधी सांगून ठेवतो की काय धरणार आणि कधी सोडून देणार.

तू साहेबांबद्दल जे धरून बसली आहेस, त्याला आधार कुठला? ‘यापुढे मेल माझ्याकडून जाऊ देत’ या वाक्याचा अर्थ तू लावलास: हिला इंग्रजी येत नाही, ही बिनकामाची. असेलही तसं. पण आठ महिन्यांच्या माणसाकडून गिऱ्हाइकापुढे गोंधळ झाला की वरिष्ठ काही दिवस मेल स्वतः बघतात, हेही अगदी नेहमीचं आहे. तू विचारलेलं नाहीस, त्यांनी सांगितलेलं नाही. त्या दिवशीच्या सर्टिफिकेटसारखंच झालंय हे, दोघंही समोरच्याला कळलं असेल असं धरून गप्प आहात.

तेव्हा क्लासची फी भरण्याआधी हे कर. साहेबांकडे पाच मिनिटं माग आणि सरळ सांग: ‘सर, त्या मेलमधलं सपोज्ड टु मला वेगळं कळलं होतं, म्हणून उत्तर तसं गेलं. सर्टिफिकेट क्वालिटी लावते असं मी धरून चालले होते. कुठल्या लॉटबरोबर काय-काय जायचं आणि कुणी लावायचं, याची यादी मी करून आणली आहे, एकदा बघता का?’ यादी खरंच करून ने, हात हलवत जाऊ नकोस. चलन, इन्व्हॉइस, टेस्ट सर्टिफिकेट, पॅकिंग लिस्ट, आणि प्रत्येकापुढे कुणाची जबाबदारी ते. साहेब कानडी बोलणारे आहेत असं लिहिलंयस. मग हे बोलणं इंग्रजीतच व्हायला हवं असं कुणी सांगितलं? तुला खानापूरच्या बाजारात कानडी येतं, तर केबिनमध्येही येईल. जिथं मन मोकळं करायचं तिथं आपण ज्या भाषेत अडखळत नाही ती वापरावी.

मेलमध्ये कधीही शंका आली तर ‘आय अझ्यूम’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. अझ्यूम लिहिलं की चुकल्यावर बोट तुझ्याकडे येतं. त्याऐवजी, ‘माय अंडरस्टँडिंग इज दॅट क्वालिटी विल अटॅच द सर्टिफिकेट. प्लीज कन्फर्म.’ मला असं कळलंय, बरोबर आहे का सांगा. या दोन ओळी मंगळवारी गेल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. आणि एक छोटी वही ठेव. कामाच्या मेलमध्ये ‘सपोज’ दिसला की ते पूर्ण वाक्य उतरवून पुढे मराठी लिही, पण शब्दाचं नाही, वाक्याचं, आणि तेही तू घरी बोलतेस त्या मराठीत: ‘करायचं होतं’, ‘करायचं नसतं’, ‘आहे म्हणे’, ‘समजा’, ‘घे बाबा’. वीस वाक्यं झाली की शब्दाची भीती जाईल. लिहिताना ‘सपोज्ड’मधला शेवटचा ‘ड’ विसरू नकोस. बोलताना तो पुढच्या ‘टु’त मिसळून ‘सपोस्टु’ असा ऐकू येतो, म्हणून ज्यांची मायबोली इंग्रजी आहे तेही लिहिताना तो गाळतात. हे मुद्दाम सांगते, कारण तुला वाटतंय की या शब्दाशी झगडणारी तू एकटीच.

एवढं करूनही क्लास लावावासा वाटला तर लाव, पण आधी क्लासवाल्यांना विचार की मेल आणि फोनवरचं बोलणं करून घेणार की नुसते काळ आणि प्रयोग पुन्हा घोटून घेणार. काळ तुझे चांगले आहेत. पत्रात तू उतरवून पाठवलेल्या तीन मेल वाचून सांगते.

कोल्हापूरचं म्हणशील तर, तिथं पगार बरा मिळत असेल, काम आवडीचं असेल, तर जरूर जा. मराठीत काम चालेल म्हणून जाऊ नकोस. कारखान्याचा माल बाहेर जातो तिथं या मेल येतातच, कोल्हापूरच्या कारखान्यांतही येतात, शिरोलीला येतात तशा गोकुळ शिरगावलाही.

राहिला दादा. सीमाभागात पोरीला कुठल्या शाळेत घालायचं हा नुसता शाळेचा प्रश्न नसतो, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. गावातली मराठी शाळा पटाअभावी बंद पडताना मी जवळून पाहिली आहे, तिच्या शेवटच्या दिवशी रिकाम्या वर्गात बसून रडलेही आहे. तरीही दादानं पोरीला इंग्रजी शाळेत घातलं तर मी त्याला दोष देणार नाही. बाप आहे, त्याचा विचार त्याच्याकडे. मात्र तो विचार तुझ्या एका मेलवर उभा राहू देऊ नकोस. त्याला बसवून सांग, सर्टिफिकेट का राहिलं ते, अगदी चलनापासून. शाळा निवडायचीच तर दोन्हीकडे जाऊन बघा: शिक्षक आहेत का, वाचनालय उघडं असतं का, पोरीला ‘मला कळलं नाही’ असं वर्गात म्हणता येतं का. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुझ्या आणि माझ्या शाळेत ते म्हणता येत नव्हतं, आणि तुझ्या त्या उत्तरामागे मला तेच दिसतं. मेल कळली नव्हती, आणि कळली नाही असं विचारायची सवय नव्हती.

साहेबांशी बोलणं झालं की मला लिही. यादीची एक प्रतही पाठव, कुठला कागद कुणाच्या नावावर निघाला ते बघायला मला आवडेल.